थोरलीच्या पाठीवरचा ठिपका

देवीदासभाऊंनी मला फसवलं. आमच्या सामायिक मधपेट्यांमधली सगळ्यात चांगली राणी माशी, जी मी शहरातून धरून आणली, उन्हाळ्यातून जगवली, जिच्या लेकी तयार करायच्या म्हणून मी बहाराची वाट पाहत थांबले होते, ती त्यांनी मला न विचारता एका फार्महाऊसवाल्याला देऊन टाकली आणि तिच्या जागी दुसरीच राणी ठेवली. एवढं आधी सांगून टाकते. धंद्यातही मी भाव आधी सांगते, थान नंतर उलगडते.

आता संत्र्याचा अंबिया बहार पुन्हा आला आहे. सकाळी स्कूटीवर कळमेश्वरकडे निघालं की कारखान्यांच्या ओळीपर्यंत हवेला लोखंडाचा आणि डिझेलचा वास असतो. शेवटचा कारखाना मागे पडतो, रस्ता वळतो, आणि एखाद्या लग्नघराचं दार उघडावं तसा फुलांचा वास अंगावर येतो. थंडी अजून गेलेली नसते. हेल्मेटची काच वर केली तर डोळ्यांत पाणी येतं. त्यातलं थंडीचं किती आणि रागाचं किती, हे मी पाहत बसत नाही. ज्या वासाची मी वर्षभर वाट पाहायची, त्याच वासानं आता माझी कपाळाची शीर उडते. माझी राणी गेली ती गेलीच, वरून माझा एक ऋतूही नासला.

बागवाले झाडांना ताण देतात. पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात, झाडाला वाटावं की आता संपलं. मग एक दिवस पाणी सोडतात आणि झाड सगळ्या अंगानं फुलतं. गेल्या बहारापासून मीही ताणावरच आहे. मला काही फुलं आली नाहीत. हे लिहिणं आलं.

मी मूळची कापडवाली. गांधीबागेतल्या ठोक दुकानांतून कटपीस उचलायचे आणि धरमपेठेत घरोघर विकायचे, इथून सुरुवात केली. पाठीवर गठ्ठा, तोंडात जीभ, एवढंच भांडवल. पुढे स्वतःचं दुकान झालं, पण भांडायची सवय गेली नाही. रंग तर मी दुकानातल्या दिव्याखाली कधीच पाहिला नाही. दिव्याखाली सगळेच रंग गोड बोलतात. थान उचलायचं, रस्त्यावर यायचं, उन्हात धरायचं, मग बोलायचं. एक शेठ हात जोडून म्हणायचे, "मंगलाबाई, तुम्ही आल्या की आमचा लाल रंगसुद्धा घाबरून जाते बापा."

कुसुम माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीतली शेजारीण. तिच्याकडे पिको-फॉलचं मशीन होतं, माझ्याकडे गिऱ्हाईक. साडी मी विकायची, फॉल तिनं लावायचा. तिचा हातटाका असा की उलट्या बाजूनं बोट फिरवलं तरी लागू नये. मी गिऱ्हाइकाशी भांडायची, ती त्याला पाणी द्यायची. असा आमचा संसार म्हणायला हरकत नाही. दोघींचे नवरे या संसाराला हसायचे. ते संसार जसे चालले तसे चालले, हा मात्र कुठे उसवला नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगायची.

माशांकडे मीच तिला ओढत नेलं. कळमेश्वरजवळच्या एका संत्राबागेच्या मालकाला झाडांवर माशा हव्या होत्या, आणि शहरातल्या आम्हा हौशी लोकांना पेट्या ठेवायला जागा. मध्यस्थ देवीदासभाऊ. ऑफिसातून निवृत्त झालेले, माशांचं रीतसर शिक्षण घेतलेले, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच शहाणे आहोत असं वाटावं. पेट्या सगळ्यांच्या, राबणं सगळ्यांचं, मध वाटून. प्रत्येक पेटी चार पायांच्या घोडीवर, घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पहिल्या दिवशी कुसुम जाळीचा बुरखा घालून दूर उभी राहिली.

"मंगले, मले कापडाच्या दुकानातच राहू दे वं. तिथले लोक डसतात, पण सुजत तं नाही."

महिनाभरात तीच बुरखा वर करून चौकटी उचलायला लागली. शिवणाऱ्या बाईचे हात. माशांना धक्का लागत नसे.

थोरली, म्हणजे हीच राणी, मला धरमपेठेत सापडली. एका जुन्या बंगल्याच्या मीटरच्या खोक्यात सातेरी माशांनी घर केलं होतं. सातेरी म्हणजे आपली देशी माशी, अंधाऱ्या पोकळीत पोळी बांधणारी. घरवाल्यांनी औषध मारणाऱ्याला बोलावून ठेवलं होतं. तो पंप भरून उभा, आणि मी मध्ये. त्याच्याशी भांडले, घरवाल्यांशी भांडले, शेवटी औषध उडून मीटर जळाला तर वीज तुम्ही देणार का, असं काहीतरी वकिली बोलून वेळ मिळवला. देवीदासभाऊ धावत आले. मान्य करते, तेव्हा ते धावत आले. धुराचा डबा पेटवला, म्हणजे शेणी आणि कडुलिंबाचा पाला घातलेला भाता असलेला डबा, आणि एकेक पोळं कापून चौकटीला बांधलं. त्या गडबडीत इतर कुठल्याही सातेरीनं खोली डोक्यावर घेतली असती. या माशा पोळ्यावर बसून राहिल्या. त्यांच्यात ती सावळी, लांब, चालताना घाई न करणारी.

"शहाण्या घरची दिसते," देवीदासभाऊ म्हणाले.

"मंग कोणाची आहे," मी म्हणाले.

सातेरीचा एक दोष आहे. तिला राग आला की ती घर सोडते. मुंग्या आल्या, ऊन लागलं, पेटी फार उघडली, की सगळा थवा उठून जातो आणि माणूस रिकामी पेटी पाहत बसतो. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. तिच्या या स्वभावाचं मला मनातून कौतुकच वाटतं. पण पेट्या ठेवायच्या तर कौतुक परवडत नाही. त्या उन्हाळ्यात कुठून कुठून माशा निघून गेल्या. थोरली ओल्या गोणपाटाखाली बसून राहिली. दुपारी पेटीच्या दाराशी तिच्या कामकरी माशा ओळीनं उभ्या राहून पंखांनी वारा घालायच्या, आणि मी समोर बसून मलाच वारा लागतोय असं समजायची. पाऊस पडेपर्यंत ती तिथंच होती. अशी राणी मिळाली की तिच्या लेकी वाढवायच्या आणि सगळ्यांच्या पेट्यांत द्यायच्या, म्हणजे हळूहळू सगळी बागच न पळणाऱ्या माशांची होते. आमचं सगळ्यांचं ते स्वप्न होतं. माझं जरा जास्त.

म्हणून तिच्या पेटीला आम्ही मायपेटी म्हणायला लागलो आणि तिच्यासाठी नियम केला. नियम माझा. मायपेटी एकट्यानं उघडायची नाही. दोघं पाहिजेत, एक चौकटीला, एक धुराला. देवीदासभाऊ हसले होते.

"ताई, बँकेचं लॉकर करून राहिल्या का तुम्ही?"

"लॉकरच समजा. दोन किल्ल्या. एकटा माणूस घाईत चौकट आपटते, राणी चेंगरते, आणि मंग म्हणते, मले काही माहीत नाही. दोघं असले की कोणी तरी पाहिलेलं असते."

कोणी तरी पाहिलेलं असतं. माझेच शब्द.

राणी घडवणं हे नाजूक काम आहे. राणी काही वेगळी जन्मत नाही. कामकरी माशीची आणि राणीची अळी एकच, भरवण्याचा फरक. लाकडी पट्टीवर मेणाच्या छोट्या वाट्या चिकटवायच्या, चित्रकाराच्या सगळ्यात बारीक ब्रशनं थोरलीची अगदी कोवळी अळी उचलायची, दुधासारख्या थेंबात पोहणारी, आणि वाटीत सोडायची. ती पट्टी मग राणी काढून घेतलेल्या एखाद्या भरभक्कम पेटीत. पोरक्या झालेल्या माशा त्या अळ्यांना जीव लावतात, आणि मेणाची घरं शेंगदाण्याच्या शेंगेसारखी खाली लोंबायला लागतात. नवी राणी बाहेर यायच्या सुमाराला पेटीला कान लावला तर आतून आवाज येतो, बारीक पिपाणी फुंकल्यासारखा. कुसुमनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा हात दाबून धरला होता. "वं, बोलून राहिली ती." तेव्हा ती फॉल लावणारी बाई नव्हती, कोणी तरी लहान पोर होती. तिच्यावर लिहिताना माझा राग असा मध्येच गळतो. पुन्हा गोळा करावा लागतो.

नवी राणी आभाळात जाऊन मीलन करून येते. तिथे कुठल्या कुठल्या पेटीतले नर असतात, आपला काय इलाज. त्यामुळे लेकी आईसारख्या निघतीलच असं नाही. थोरलीच्या पहिल्या लेकी निघाल्या, बऱ्याच चांगल्या निघाल्या, पण उन्हाळ्यात आईसारखी टिकणारी एकही नाही. पुन्हा काढायच्या, पुन्हा पाहायच्या. त्यासाठी आई पाहिजे.

आणि आई चौकटीवरच्या गर्दीत पटकन ओळखू यावी म्हणून तिच्या पाठीवर, पंखांच्या मुळाशी, ठिपका. त्यासाठी नेलपॉलिश. रंगावरून आमची अर्धी सकाळ गेली. कुणी म्हणालं, राणीला राणी कलरच लावा. मी म्हटलं, साखरपुड्याच्या साड्यांचा रंग माझ्या राणीला नको. मी डाळिंबी घेतला. उन्हात धरला की आतून किंचित जांभळा दिसतो तो. दुकानातून मी स्वतः उन्हात नेऊन निवडलेली बाटली. ठिपका लावायचा तर एकानं राणीला दोन बोटांत हलकेच धरायचं, श्वास रोखून, आणि दुसऱ्यानं काडीच्या टोकानं ठिपका टेकवायचा. तेवढा वेळ धुराचा डबा खाली गवतात ठेवावा लागतो. राणी मी धरली. ठिपका कुसुमनं लावला. मोहरीएवढा, गोल, पंखाला न लागता. देवीदासभाऊंचे हात कापतात, ते तर सुईत दोराही ओवू शकत नाहीत. ते म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही तं सोनाराच्या पोटी जन्माला याचं होतं."

मग गेल्या वर्षीचा बहार. फुलं आली आणि नेमकी लग्नसराई आली. दुकानात बस्त्यांची गर्दी. मी बागेत निरोप ठेवला, मी आले की थोरलीच्या अळ्या उचलू, तोवर मायपेटीला हात लावू नका. दुकानात मी शालू उलगडत होते आणि माझं लक्ष त्या संत्र्याच्या वासाकडे. गिऱ्हाइकांशी नेहमीएवढी भांडलेसुद्धा नाही. एका नवरीच्या आईला त्याचं आश्चर्य वाटलं.

गर्दी ओसरली तशी पहाटेच निघाले. ऊन वर येईपर्यंत थांबलो, कारण थंडीत पेटी उघडत नाहीत, आणि मग कुसुम आणि मी मायपेटीपाशी. ती धुराला, मी चौकटीला. झाडांवर माशांचा एकसारखा सूर. पाकळ्या आमच्या डोक्यावर, पेटीच्या झाकणावर. तिसऱ्या का चौथ्या चौकटीवर राणी दिसली. पाठीवर ठिपका होता.

मी चौकट उचलली आणि सवयीनं, थान धरावं तशी, उन्हात धरली.

तो डाळिंबी नव्हता. कुंकवाचा लाल होता. सपाट, आतून काहीही नसलेला.

"कुसुम, हा ठिपका पाय बरं."

"काय पाहू?"

"रंग."

"तोच तं आहे. उन्हात तसाच दिसून राहिला." तिनं बुरख्याआडून माझ्याकडे पाहिलं नाही. भाता जरुरीपेक्षा जास्त दाबला. धुराचा लोट चौकटीवर आला आणि राणी धावली. थोरली कधी धावली नव्हती.

मी चौकट जागेवर ठेवली, हळूच. दुसऱ्याची राणी असली म्हणून काय झालं, चेंगरायची नव्हती. झाकण लावलं. आणि मग मी जी सुटले ती बागेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली असणार. देवीदासभाऊ नव्या पत्र्याच्या शेडखाली चहा घेत होते. ती शेडसुद्धा लग्नसराईआधी मी इथून गेले तेव्हा नव्हती.

"देवीदासभाऊ, थोरली कुठं आहे?"

त्यांनी कप खाली ठेवला. नाकबूल झाले नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा. फार्महाऊसवाल्याला पाहुण्यांना दाखवायला गरीब स्वभावाच्या माशा हव्या होत्या. त्यांनी थोरली दिली, तिच्या काही माशांसकट. त्याच्या बदल्यात त्यानं शेड घातली, मध काढायचं यंत्र देणार म्हणाला.

"सगळ्यांचंच भलं झालं न, ताई. राणी काही तुमच्या एकटीची नव्हती. सामायिक होती."

हे बोलणं बिनतोड होतं, आणि बाकीची मंडळी त्या शेडच्या सावलीत बसून मान हलवत होती.  पण भावात मला अजून कोणी गप्प केलेलं नाही.

"सामायिक होती तं सगळ्यायले विचारून देयची होती. आणि दिली तं दिली, मंग दुसरीले ठिपका काहून लावला, गा? देणारा माणूस ठिपका लावत नाही. तो चोर लावते."

शेडमधली मंडळी एकमेकांकडे पाहायला लागली. त्यांनाही ठिपक्याचं माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. देवीदासभाऊंचा आवाज पहिल्यांदा चढला.

"मी नियम मोडला नाही, मंगलाताई. मायपेटी मी एकट्यानं उघडली नाही. दोघं होतो."

नियम पाळून फसवलं होतं मला. माझा नियम. मी सगळ्यांवरून नजर फिरवली, एकेक चेहरा, आणि शेवटी मागे वळले. कुसुम माझ्यामागे उभी होती. हातात धुराचा डबा, अजून धुमसत असलेला.

"मी तं फक्त धूर धरला, वं," ती म्हणाली.

त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं ते माझ्याशी बोलत नाहीत.

पेटीतली राणी बदलली तरी लगेच काही कळत नाही. जुन्या माशा आपलं काम करत राहतात. एकेक करून त्या संपतात आणि त्यांच्या जागी नव्या आईच्या येतात. पेटी तीच, घोडी तीच, दारातली वर्दळ तीच, आणि आत हळूहळू सगळे परके. मी ते पाहत राहिले. आधी त्या डसायला लागल्या. मग चौकटीवरून सांडायला लागल्या. चैत्रात ऊन चढलं तसा एके सकाळी सगळा थवा उठला, निंबावर थोडा टेकला आणि निघून गेला. मी अडवलं नाही. ती बिचारी राणी, तिचा काय दोष. तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

फार्महाऊसवर मी गेले होते. फाटकावरचा माणूस म्हणाला, "माशा? त्या तं कवाच उडून गेल्या." न पळणारी माझी थोरली तिथून पळाली असेल, तर तिनं काय सोसलं असेल, हा विचार मी करत नाही. करते, पण थांबवते.

मायपेटी मी धुतली, उन्हात वाळवली, आतून मेण चोळलं आणि त्याच घोडीवर ठेवली. शेडखाली मी बसत नाही. उन्हात बसते.

तिथंच बसून, पावसाळ्यानंतर कधीतरी, दुसऱ्या कोणाकडून फॉल लावून घेतलेल्या एका साडीचा सुटलेला टाका पाहत असताना मला उमगलं. इतके महिने मी तिचं ते वाक्य घोळवत होते, फक्त धूर धरला. पण ठिपका लावताना धूर कोणीच धरत नाही. डबा गवतात असतो. एकाच्या बोटांत राणी असते, दुसऱ्याच्या हातात काडी. आणि देवीदासभाऊंचे हात कापतात. तो कुंकवाचा लाल ठिपका मोहरीएवढा होता, गोल, पंखाला कुठेही न लागलेला. आणि लग्नाकार्याला कुसुमच्या नखांवर मी दुसरा रंग कधी पाहिलेला नाही.

देवीदासभाऊंचा हिशेब मला कळतो. त्यांना शेड पाहिजे होती, मान पाहिजे होता. व्यवहारी माणूस आहे, मीही आहे. त्यांच्याशी मी आयुष्यभर भांडेन आणि मला झोप लागेल. मला झोप लागत नाही ती त्या ठिपक्यामुळे. इतका नीट कशाला लावला? वेडावाकडा लावला असता, पंखाला फासला असता, तर मला वाटलं असतं की हात थरथरला. या हातानं मन लावून काम केलं. मला फसवायचं काम, पण मन लावून.

आणि आता, या बहारात, मायपेटीत माशा आल्या आहेत. कुठून आल्या माहीत नाही. कोणाच्या आहेत माहीत नाही. गेल्या आठवड्यात घरासाठी जागा पाहणाऱ्या दोन-चार माशा दाराशी घुटमळत होत्या, मग एका दुपारी थवाच उतरला. सकाळी त्या पायांवर संत्र्याचा पिवळा पराग घेऊन आत जातात, म्हणजे आत राणी आहे आणि अंडी घालते आहे. मी पेटीजवळ उकिडवी बसते तेव्हा डोक्याभोवती फिरतात, पण डसत नाहीत. आत कोण आहे ते मला पाहायचं आहे. तिची पाठ पाहायची आहे. मी झाकणाला हात लावते आणि काढून घेते. मायपेटी एकट्यानं उघडायची नाही. तो नियम सगळ्यांनी वाकवला असेल, मी वाकवणार नाही. आणि दुसरं कोणी मला धुराला नको.

म्हणून कुसुम, हे तुझ्यासाठी. फोन तू उचलत नाहीस, दुकानासमोरून जाताना रस्ता बदलतेस, तुझा फॉल लावलेल्या साड्या मात्र अजून माझ्या कपाटात आहेत आणि एकीचाही टाका सुटलेला नाही. बागेत ये. बहार आहे तोवर ये. धुराचा डबा तू पेटव, झाकण मी काढते. राणी दिसली की मी ती उन्हात धरीन, तिच्या पाठीवर डाळिंबी असेल, कुंकवाचा लाल असेल किंवा काहीच नसेल. तू तेव्हा डबा खाली गवतात ठेव, बुरखा वर कर, आणि माझ्याकडे पाहून सांग: त्या दिवशी तुझ्या हातात काडी होती की नाही? आणि होती, तर ती टेकवताना तुला माझी आठवण आली की नाही?

धूर धरला हे उत्तर मला चालणार नाही.